लॅपटॉपचं वायफाय मधूनमधून तुटतंय? आधी नेमकं कुठे तुटतं ते शोधा

नेट पूर्ण बंद असेल तर शोध सोपा असतो. खरा त्रास देतं ते जातं-येतं नेट. दहा मिनिटं चांगलं चालतं, ऐन ऑनलाइन मीटिंगमध्ये चेहरा गोठतो आणि तुम्ही राउटरपर्यंत पोचेस्तोवर सगळं पूर्ववत झालेलं असतं. मग राउटर बंद-चालू करणं, ड्रायव्हर उडवणं, पासवर्ड बदलणं असं हाताला येईल ते एकदमच केलं जातं. त्यातल्या एखाद्या उपायाने दोन दिवस बरं वाटतं, पण कशाने ते कळत नाही आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्या. लॅपटॉप ते राउटर हा एक टप्पा आणि राउटर ते बाहेरचं नेट हा दुसरा. कोणता टप्पा तुटतो हे कळल्याशिवाय कुठल्याही सेटिंगला हात लावायचा नाही. आणि हात लावाल तेव्हा एका वेळी एकच बदल करून किमान एक दिवस थांबायचं.

खालच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ असलेल्या लॅपटॉपसाठी आहेत. कमांड आणि मेनूंची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अक्षरं, आकडे आणि टिंबं इंग्रजी कीबोर्डवरचीच वापरा.

लागणाऱ्या वस्तू

- एक स्मार्टफोन, मोबाइल डेटासह
- दोन-तीन मीटरची लॅन केबल, कॅट ५ई किंवा वरची. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबी-लॅन अडॅप्टर
- राउटरच्या पानावर शिरायचा युजरनेम-पासवर्ड. बहुधा राउटरच्या तळाशी चिकटवलेला असतो, नसेल तर जोडणी देणाऱ्याकडून मागून घ्या
- लॅपटॉपचा नेमका मॉडेल क्रमांक
- वही आणि घड्याळ. जातं-येतं दुखणं वेळांच्या नोंदींशिवाय सापडत नाही

## १. नेट गेलं त्या क्षणी फोन काय म्हणतो?

लॅपटॉपवर नेट गेलं की लगेच त्याच खोलीत, त्याच वायफायवर फोनमध्ये एखादं नवं पान उघडा. फोनवरही नसेल तर दोष बहुधा राउटरचा किंवा लाइनचा. फोनवर व्यवस्थित असेल तर संशय लॅपटॉपवर.

इथे बहुतेक जण फसतात. वायफायवर नेट नाही असं दिसलं की पुष्कळसे फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. पान उघडतं आणि आपण दोषी राउटरला क्लीन चिट देऊन लॅपटॉप दुरुस्तीला टाकतो. चाचणीपुरता मोबाइल डेटा बंदच ठेवा.

उलटीही चाचणी करा. लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर जोडून तासभर नेहमीचं काम करा. तिथेही तुटलं तर घरच्या राउटरचा संबंध नाही. सरळ पायरी ४ वर जा.

## २. दोन खिडक्यांतलं पिंग

हीच पायरी सगळ्यांत महत्त्वाची. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटासा प्रश्न (पॅकेट) पाठवून उत्तर येतं का आणि किती वेळात, ते बघणं. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आधी आयपीकॉन्फिग ही कमांड द्या. वायफायच्या भागात ‘डिफॉल्ट गेटवे’समोर राउटरचा पत्ता दिसेल. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो.

आता कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी-शेजारी ठेवा.

पहिल्या खिडकीत: पिंग १९२.१६८.१.१ -टी (आपल्या गेटवेचा पत्ता घाला)

दुसऱ्या खिडकीत: पिंग ८.८.८.८ -टी (हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस, म्हणजे घराबाहेरचं ठिकाण)

दोन्ही चालू ठेवून नेहमीचं काम करा. नेट अडखळलं की दोन्हीकडे बघा आणि वेळ वहीत टिपा. थांबवायला कंट्रोल आणि सी. शेवटी किती पॅकेट हरवली त्याची टक्केवारी येते.

दोन्ही खिडक्यांत उत्तरं थांबली तर लॅपटॉप ते राउटर हा टप्पा तुटला. पहिलीत उत्तरं येत राहिली आणि दुसरीत थांबली तर वायफाय शाबूत आहे, बाहेरची लाइन गेली. पायरी ८ वर जा. दोन्हीकडे उत्तरं येत असूनही वेबसाइट उघडत नसेल तर संशय नावाचा पत्ता शोधणाऱ्या डीएनएसवर. आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस देऊन बघा, तेवढ्याने भागलं नाही तर वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ घाला. ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर ही सगळी परीक्षा ते बंद करून घ्या.

उत्तर नाही हेसुद्धा तीन प्रकारचं असतं. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे प्रश्न गेला, उत्तर वेळेत आलं नाही. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असं तुमच्याच लॅपटॉपच्या पत्त्यावरून आलं तर लॅपटॉपला राउटर सापडतच नाही. ‘जनरल फेल्युअर’ आलं तर प्रश्न लॅपटॉपच्या बाहेरच पडला नाही, वायफाय कार्ड त्या क्षणी सुटलं होतं किंवा झोपलं होतं.

आकडेही वाचा. राउटरजवळ बसून गेटवेचं उत्तर साधारण १ ते ५ मिलिसेकंदांत यायला हवं. अधूनमधून एखादं ५०-१०० चं आलं तर मनावर घेऊ नका, कारण बरेच राउटर पिंगला दुय्यम काम समजतात. पण सतत २००, ५००, १२०० अशा उड्या दिसत असतील तर हवेतला टप्पा आजारी आहे, जोडणी तुटलेली दिसत नसली तरी. काही राउटर पिंगला मुळीच उत्तर देत नाहीत. पहिल्यापासून शून्य उत्तरं आणि नेट मात्र चालू, असं असेल तर तुमचा राउटर त्यातला.

शेवटी तीच परीक्षा लॅन केबल लावून, वायफाय बंद करून घ्या. केबलवर दोन तास एकही पॅकेट हरवलं नाही आणि वायफायवर हरवलं, तर लाइनवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही.

## ३. सिग्नलचा खरा आकडा बघा

खालच्या कोपऱ्यातल्या तीन रेघांवर विसंबू नका. नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस ही कमांड द्या. पहिला शब्द एन, ई, टी, एस, एच असा सलग. दुसऱ्याचं स्पेलिंग डब्ल्यू, एल, ए, एन. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत यासाठी लोकेशनची परवानगी लागते, मागितली तर द्या. सिग्नल टक्क्यांत दिसेल, शिवाय चॅनेल आणि दोन्ही दिशांचा वेगही.

विंडोजचं गणित साधं आहे. १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक), ५० टक्के म्हणजे उणे ७५. व्हिडिओ कॉल सुरळीत चालायला ६५-७० टक्के तरी हवेत. ५० च्या खाली गेलात की तुटणं ठरलेलं, त्यावर कुठलाही ड्रायव्हर उपाय करू शकत नाही.

चॅनेल १ ते १३ असेल तर तुम्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहात, ३६ किंवा वरचा असेल तर ५ गिगाहर्ट्झवर. सोसायटीत राहत असाल तर २.४ वर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे दहा-वीस राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह सगळे एकाच वाटेने जातात. मायक्रोवेव्ह सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. रोज जेवण गरम करायच्या वेळी नेट जात असेल तर तो योगायोग नाही. ब्लूटूथ हेडफोन लावल्यावरच कॉल तुटत असेल तर लॅपटॉप ५ वर न्या, कारण ब्लूटूथ आणि वायफाय बहुधा एकाच कार्डावर असतात आणि २.४ वर दोघांना आळीपाळीने बोलावं लागतं.

विंडोज स्वतःही नोंद ठेवतं. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट द्या. गेल्या ३ दिवसांत वायफाय केव्हा जोडलं, केव्हा तुटलं आणि कारण काय, याचा अहवाल तयार होतो. फाइल कुठे आहे तो रस्ता कमांडच्या शेवटी छापून येतो. वहीतल्या वेळा त्याच्याशी पडताळा. झोपेतून जागं होताना तुटतंय की काम चालू असताना, एवढं कळलं तरी शोध अर्ध्यावर येतो.

## ४. लॅपटॉपच्या सेटिंग्ज

वीज वाचवण्याची सवय. चार्जर लावला की ठीक आणि बॅटरीवर तुटतं, असं असेल तर हीच गोष्ट आधी बघा. विंडोज आणि एक्स एकत्र दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘नेटवर्क अडॅप्टर्स’मध्ये वायफाय कार्डावर डबल क्लिक करा आणि ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली ‘अलाऊ द कम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर’ ही खूण काढा. नव्या लॅपटॉपांत हा टॅबच नसतो. तो लॅपटॉपचा बिघाड नव्हे.

फास्ट स्टार्टअप. हे चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आतला गाभा डिस्कवर साठवून ठेवतं. बिघडलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तसाच जागा होतो. ‘रिस्टार्ट’मध्ये असं होत नाही, म्हणून वायफायच्या तक्रारीवर नेहमी रिस्टार्ट करा. फरक पडतोय असं वाटलं तर कंट्रोल पॅनलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मधून फास्ट स्टार्टअप बंदच करा.

ड्रायव्हर. विंडोज अपडेटनंतर दुखणं सुरू झालं असेल तर त्याच प्रॉपर्टीजच्या ‘ड्रायव्हर’ टॅबमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. नवा घ्यायचा असेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, आपल्या मॉडेलचाच. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. आणि कृपा करून, नवी फाइल डाउनलोड करून ठेवल्याशिवाय जुना ड्रायव्हर काढू नका. काढून बसलात आणि नेटच नाही, तर फोन यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला वायफाय कार्ड लागत नाही.

भटकण्याची खोड. इंटेल कार्डांच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘रोमिंग ॲग्रेसिव्हनेस’ असतं, म्हणजे जास्त चांगल्या सिग्नलच्या शोधात कार्डाने किती लवकर दुसरीकडे जायचं ते. घरात एकच राउटर असेल तर एक पायरी खाली आणा. तिथेच ‘प्रेफर्ड बँड’ ५ गिगाहर्ट्झ करता येतो. मेश किंवा एक्स्टेंडर (सिग्नल लांबवणारे जास्तीचे डबे) असेल तर रोमिंग अगदी खाली नेऊ नका, नाहीतर लॅपटॉप दूरच्या राउटरला चिकटून बसेल.

कार्डच गायब. वायफायचं बटणच दिसेनासं झालं किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड १०’ आलं, तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पॉवर बटण ३०-४० सेकंद दाबून धरा. कार्डात अडकून राहिलेली वीज उतरते आणि पुष्कळदा कार्ड परत येतं. वारंवार करावं लागत असेल तर कार्ड किंवा ड्रायव्हर बदलायची वेळ आली.

‘नेटवर्क रिसेट’ हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. त्यात साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात आणि ऑफिसचं व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं.

## ५. लॅपटॉपच्या आतला भाग

ज्या दुखण्याकडे दुरुस्तीवालेही उशिरा बघतात ते म्हणजे अँटेनाच्या तारा. बऱ्याच लॅपटॉपांत अँटेना पडद्याच्या कडेला असतात आणि त्यांच्या केसासारख्या बारीक तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. बिजागरी सैल झाली, तुटली, किंवा पडदा बदलताना तार दाबली गेली की सिग्नल जातो-येतो.

ओळखायचं असं: गेटवेचं पिंग चालू ठेवून पडदा हळूहळू मागे-पुढे करा. एका ठरावीक कोनात उत्तरं थांबत असतील तर तारच. राउटरपासून दोन मीटरवर बसूनही सिग्नल ६० टक्क्यांच्या वर जात नसेल, तर तार कार्डावरून निसटली असण्याची शक्यता मोठी. पडदा किंवा बिजागरी बदलून आणल्यानंतर हे सुरू झालं असेल तर दुकानदाराला ‘अँटेनाच्या दोन्ही तारा कार्डावर नीट बसल्यात का’ एवढंच विचारा. स्वतः उघडणार असाल तर आधी बॅटरीचा कनेक्टर काढा आणि तारेचं टोक तिरकं न दाबता वरून सरळ दाबा. ते बटणासारखं टक् करून बसतं.

कार्ड बदलायचं झालं तर आधी खात्री करा की ते बोर्डावर सोल्डर केलेलं नाही. सुटं असेल तर आकार बहुधा एम.२ २२३० असतो. इंटेलचं एएक्स२०१ किंवा एएक्स२११ फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरांच्या लॅपटॉपात चालतं, एएमडीवाल्यात चालत नाही. एएक्स२१० दोन्हीकडे चालतं. स्वस्तात मिळालं म्हणून २११ आणून पस्तावणारे बरेच आहेत. काही जुन्या लॅपटॉपांचं बायोस कंपनीच्या यादीबाहेरचं कार्ड स्वीकारत नाही, तेही आधी बघा. उघडायचं नसेल तर ड्युअल बँड यूएसबी वायफाय अडॅप्टर लावा. त्यावर तक्रार थांबली तर आतलं कार्ड किंवा तारा दोषी, हेही सिद्ध होतं.

आणखी एक: यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब लावल्यावरच २.४ वरचं वायफाय अडखळतं का? यूएसबी ३ च्या केबलमधून याच पट्ट्यात गोंगाट सुटतो. हब हातभर लांब ठेवा किंवा ५ वर जा.

## ६. राउटर कुठे आहे, कसा आहे

राउटर बहुधा वायर जिथे घरात शिरते तिथेच बसवला जातो: चपलांच्या कपाटात, टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर. धातू, आरसा आणि पाण्याची टाकी हे सिग्नलचे शत्रू. कोकण-गोव्यातल्या चिऱ्याच्या जाड भिंती आणि जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती ५ गिगाहर्ट्झला सहज अडवतात. नव्या टॉवरांत, जिथे ॲल्युमिनियमच्या साच्यात सगळ्या भिंती काँक्रीटच्या ओततात आणि ज्याला बांधकामवाले मिवान म्हणतात, तिथेही दोन भिंतींपलीकडे ५ टिकणं अवघड. अशा घरात जास्त ताकदीचा राउटर घेण्यापेक्षा लॅन केबल ओढून दुसऱ्या खोलीत ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट वायफायने पसरवणारा डबा) बसवणं कितीतरी चांगलं.

राउटरच्या पानावर बदलायच्या गोष्टी, एका वेळी एक:

- २.४ साठी चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत.
- ५ साठी चॅनेल ३६ ते ४८. ५२ ते १४४ मधल्या चॅनेलवर रडारची चाहूल लागली की राउटरला नियमाने चॅनेल सोडावा लागतो, आणि त्याच गटातल्या दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर निदान मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं. विमानतळाजवळ राहत असाल तर ‘दिवसातून दोनदा मिनिटभर सगळ्यांचंच वायफाय जातं’ याचं कारण हे असू शकतं.
- दोन्ही बँडांना एकच नाव असेल तर ५ चं नाव वेगळं करा आणि लॅपटॉप त्यालाच जोडा.
- सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ अशी मिश्र असेल आणि लॅपटॉप जुना, तर केवळ डब्ल्यूपीए२-एईएस ठेवून बघा.

अमेरिकेतून आणलेल्या लॅपटॉपला वायफायचं नाव कधी दिसतं, कधी दिसत नाही? भारतात २.४ वर १३ चॅनेल चालतात, तिकडच्या पुष्कळ लॅपटॉपांना ११ पर्यंतचेच ऐकू येतात. राउटर ‘ऑटो’वर असेल आणि त्याने १२ किंवा १३ निवडला की फोनवर नाव दिसतं, लॅपटॉपवर नाही. चॅनेल पक्का करा, प्रश्न मिटतो.

## ७. घरात दोन राउटर असतील तर

फायबरवाल्याने दिलेला एक आणि तुम्ही विकत घेतलेला दुसरा. दुसरा पहिल्याला लॅन-ते-लॅन जोडला आणि त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) चालूच राहिलं, की घरात पत्ते वाटणारे दोन होतात. कधी लॅपटॉपला बरोबर पत्ता मिळतो, कधी चुकीचा, कधी दोन उपकरणांना एकच. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर गोंधळ आणखी वाढतो. दुसऱ्याचं डीएचसीपी बंद करा आणि त्याला १९२.१६८.१.२ सारखा वेगळा पत्ता द्या, तोही पहिल्याच्या वाटपाच्या यादीबाहेरचा.

आयपीकॉन्फिगमध्ये पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला पत्ता कुणीच दिला नाही.

## ८. अडॅप्टर, वीज आणि फायबर

राउटरच्या पानावर दोन वेळा असतात: उपकरण किती वेळ चालू आहे आणि बाहेरची जोडणी किती वेळ टिकून आहे. नेट गेल्यानंतर लगेच दोन्ही बघा. उपकरणाचीच वेळ शून्यापासून सुरू झाली असेल तर राउटर मधेच रिस्टार्ट झाला. त्याचं नेहमीचं कारण थकलेला अडॅप्टर, किंवा लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर जाताना बसणारा धक्का. अडॅप्टर बदलताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, आणि पिन त्याच मापाची व ध्रुवांचीही तीच. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, पण लेबल वाचूनच घ्या. भारनियमन असलेल्या भागात १२ व्होल्टचा मिनी यूपीएस वर्षभराची डोकेदुखी वाचवतो.

उपकरण चालूच होतं आणि फक्त बाहेरची जोडणी तुटली असेल तर दिवे बघा. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा (एल, ओ, एस) लाल दिवा म्हणजे प्रकाशच पोचत नाही. दिवा ठीक असूनही तुटत असेल तर त्याच पानावर मिळणाऱ्या प्रकाशाची ताकद शोधा. जीपीऑन (घरोघरच्या फायबरची एक पद्धत) जोडणीत उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही मर्यादा. उणे २५ च्या पलीकडे असाल तर पाऊस, वारा, खेचलेली वायर एवढ्यानेही जोडणी डळमळते. पिवळी-काळी फायबर वायर टाचेखाली किंवा दारात चिमटू नका, बोटाएवढ्या गोलाईत गुंडाळू नका. काढलेल्या टोकात डोळा घालून बघणं तर कधीच नाही. आतला लेसर दिसत नाही, पण असतो.

## ९. तक्रार करताना

‘नेट स्लो आहे’ असं सांगितलंत तर ‘राउटर रिस्टार्ट करा’ हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी असं सांगा: लॅपटॉप केबलने जोडलेला होता, गेटवेचं पिंग अखंड होतं, अमुक तारखेला अमुक वाजता ८.८.८.८ ची उत्तरं चार मिनिटं थांबली, प्रकाशाची ताकद उणे २६ आहे. सोबत दोन्ही खिडक्यांचा फोटो ठेवा. तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून वहीत लिहा. तो देणं कंपनीला बंधनकारक आहे. मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, त्याला शुल्क नाही, आणि अर्जात पहिली गोष्ट विचारली जाते ती हाच डॉकेट क्रमांक.